पहिला टोस्ट

लसणाची पाकळी दगडी खलात पडली आणि सासूने तिच्यावर बत्ता असा हाणला, की टेबलावरच्या ताटल्या दचकल्या. मग दुसरी पाकळी. मग मीठ, मिरी, अर्ध्या लिंबाचा रस. मग सकाळी बोटचेपा शिजवलेला पांढरा राजमा. एकेक दाणा चिमटीत धरायचा, दाबायचा. साल एकीकडे, दाणा खलात. घरात मिक्सर होता. पण त्यात सगळ्याचा चिकट लगदा होतो असं तिचं मत, आणि तिच्या मतापुढे मिक्सरचं काय चालणार! तिच्या हाताच्या चवीला आजवर कुणी नावं ठेवली नव्हती. तेवढी कुणाची छातीच झाली नव्हती.

सालं मात्र ती आजच काढत होती. समोर सून बसली होती. तिच्या जबड्यावर काळीनिळी सूज चढलेली, तोंड जेमतेम बोटभर उघडत होतं. काल संध्याकाळी लेकाने मारलेला फटका सासूने शेजारच्या खोलीतून ऐकला होता. आधी तिला वाटलं, कपाटाचं दार आपटलं.

तिने हलकाच भाजलेला टोस्ट घेतला, कडा कापून टाकल्या, मऊ भागावर राजमा थापला, वर तेलाची धार सोडली आणि ताटली सुनेपुढे सरकवली.

या घरात पहिला घास पुरुषाचा. सुनेने ताटलीला हात लावला नाही. दाराकडे बघत राहिली.

लेक आला, खुर्ची ओढून बायकोशेजारी बसला. गुळगुळीत दाढी, इस्त्रीचा शर्ट.

"अरे वा! आज पहिला मान राणीसाहेबांचा?"

"तिला चावता येत नाही," सासू म्हणाली.

"नाटकं आहेत सगळी. तूच तिला डोक्यावर बसवतेस, आई." त्याने डाव्या हाताने बायकोची हनुवटी पकडली आणि सुजेत अंगठा रुतवला. "आ कर. कर बघू आ!"

सुनेच्या घशातून दाराच्या फटीत सापडलेल्या मांजरीसारखा आवाज निघाला.

"सोड तिला."

"तू तुझे दाणे कूट." तो हसला आणि ताटली ओढायला त्याने उजवा हात टेबलावर टाकला.

बत्ता वर गेला. खलात पडायचा तो त्याच्या पंजावर पडला. काटकी मोडल्यासारखा आवाज आला. हात मागे घ्यायच्या आत दुसरा घाव बसला. लेक खुर्चीसकट जमिनीवर आला.

"आई! हात मोडला गं माझा!"

"कोणता?"

"उजवा... उजवा!"

"मग बरोबर बसला." तिने बत्ता फडक्याने पुसला. "जा, बांधून घे जा. आणि डावा जपून वापर."

हात छातीशी धरून, विव्हळत तो भिंतीला घासत बाहेर गेला. दार उघडंच राहिलं.

सुनेने टोस्ट उचलला. दातांच्या फटीतून तिने एक तुकडा आत ढकलला, जिभेनेच दाबला, डोळे मिटून गिळला. सासू कमरेवर हात ठेवून उभी होती.

"कसा झालाय?"

सुनेच्या सुजलेल्या तोंडातून एकेक शब्द आला.

"लिंबू कमी पडलंय, आई."

सासूची भुवई वर गेली. तिने उरलेली अर्धी फोड उचलली आणि सालाशिवाय काही उरेना तोवर त्या टोस्टवर पिळली.