उरलेली किडनी

एल्दियारला जन्मापासून एकच किडनी. तिच्यात गाठ निघाली, तेव्हा बिश्केकच्या डॉक्टरांनी गाठीसकट तिचा मोठा तुकडा कापून काढला. उरलेली पुरेल की नाही, हे काही महिन्यांनीच कळणार होतं. धाकटा भाऊ तालाय भर पंगतीत उभा राहून म्हणाला, "नाही पुरली, तर माझी एक दादाला!" बायकांनी डोळ्यांना रुमाल लावले. त्या दिवसापासून कोचकोर गावात जेवण कुठेही असो, तालायला मानाची जागा मिळू लागली.

वसंतात दोघं भाऊ तपासणीला गेले. रिपोर्ट बघून डॉक्टर हसले. "उरलेली किडनी झकास काम करतेय. दुसऱ्या कुणाची गरज नाही. आता बिनधास्त जेवा."

एल्दियारने भावाला घट्ट मिठी मारली. तालायही रडला. पण गाडीत बसल्यावर तो हळूच म्हणाला, "दादा, शनिवारपर्यंत कुणाला सांगू नकोस ना. सासऱ्यांनी माझ्यासाठी मेंढा कापायचं ठरवलंय. लग्न झाल्यापासून त्यांनी मला साधं 'या, बसा'सुद्धा म्हटलेलं नाही रे."

शनिवारी सासऱ्यांनी मेंढ्याचं शिजवलेलं डोकं, सगळ्यात मानाच्या पाहुण्याचा वाटा, स्वतःच्या हाताने जावयापुढे ठेवलं.

आणि शेजारी कमरेवर हात ठेवून कण्हत बसलेल्या एल्दियारपुढे, मोठ्या मायेने, बिनमिठाचा उकडलेला बटाटा.