मोठ्या ओकावरचं मचाण

आर्विड दुकानातल्या त्या मचाणावर चढून बसला, तो उतरायचं नावच घेईना. हे चौथं मचाण. पहिल्याच्या पायऱ्या अरुंद, दुसऱ्याची बैठक झोळीसारखी लोंबणारी, तिसरं जरा हललं की करकरणारं. नोव्हेंबरच्या गारठ्यात लोखंड एकदा करकरलं की संपलं, हरीण काही थांबत नाही. हे मात्र गप्प होतं. त्याने बूड आपटून पाहिलं, दोन्ही बाजूंना झुकून पाहिलं. आवाज नाही.

"बाबा, जड माणसाला झेपेल ना?" मुलाने, ट्रेंटने खालून विचारलं. "तीनशे पौंडांच्या?"

"अरे, मी काय बैल आहे?"

दुकानातली मुलगी खळखळून हसली. ट्रेंट शिडीच्या पायऱ्या मोजत राहिला.

"आणि समजा, एखाद्याची पाठ दुखत असेल, तर?"

एखाद्याची! आर्विडला मनातल्या मनात हसू आलं. गेल्या वर्षी त्याच्या खुब्याचं ऑपरेशन झालं आणि अडतीस वर्षांत पहिल्यांदा त्याचा शिकारीचा हंगाम हुकला. संपलं आपलं, असंच त्याने धरलं होतं. आणि आज हाच पोरगा सुट्टीचा दिवस मोडून, दोन तास गाडी हाकून त्याला मचाण बघायला घेऊन आला होता. वर बापाला 'तुम्ही म्हातारे झालात' म्हणायला नको म्हणून हे एखादा-बिखादा! अगदी आईवर गेलाय, आर्विडला वाटलं, आणि त्याचे डोळे भरून आले. ते दिसू नये म्हणून तो उगाच कठड्याचा नट चाचपत बसला.

मग काय, जीव ओतून निवडलं त्याने. अख्खं पाऊल मावेल अशा पायऱ्या. टेकायला मऊ पाठ. बंदूक टेकवायला वर उचलता येणारा कठडा. शिडीच्या मधोमध खोडाला घट्ट धरणारा टेकू.

"मचाण झाडाला आवळायचे पट्टे मात्र दरवर्षी बदलायचे, बरं का. खारी कुरतडतात. वरून धड दिसतात आणि घात करतात."

"हो बाबा," ट्रेंट म्हणाला आणि त्याने ते फोनमध्ये लिहूनसुद्धा घेतलं.

सप्टेंबरात दोघांनी मिळून ते रानात मोठ्या ओकाला उभं केलं. तो ओक आर्विडचा. तिथे दुसरं कुणी कधी बसलं नव्हतं. मचाण बांधून झाल्यावर त्याने पहिल्या पायरीवर पाय ठेवला, तर ट्रेंटने त्याचा दंडच धरला.

"राहू दे ना बाबा. खालून धरलंत, तेवढं पुरे झालं."

काळजी करतोय, करू दे. नोव्हेंबरात बसायचंच आहे.

जेवायला दोघं रानातल्या लाकडी खोपटात आले. दाराशी फळा होता. फळ्यावर प्रत्येक झाडाच्या नावाचा एक लोखंडी आकडा, आणि प्रत्येक शिकाऱ्याची नाव कोरलेली लाकडी चकती. निघताना आपली चकती आपल्या झाडाच्या आकड्याला अडकवायची, म्हणजे कोण कुठे बसलाय ते सगळ्यांना कळतं आणि चुकून कुणी त्या बाजूला गोळी झाडत नाही. शेगडीवरच्या तुळईवरही चकत्या होत्या, पण त्या खिळ्यांनी ठोकलेल्या. त्या गेलेल्यांच्या. आर्विडच्या वडिलांची, थोरल्या भावाची, जुना दोस्त हॅल्व्होरची.

"वाट बघ रे, हॅल्व्होर," सँडविच चावता चावता आर्विड तुळईला म्हणाला. "मला अजून दहा वर्षं सवड नाही."

ट्रेंट खाली मान घालून खात होता.

हंगामाच्या आदल्या दिवशी, संध्याकाळी आर्विड खोपटात शिरला तेव्हा आत रश्श्याचा वास घमघमत होता. ट्रेंट शेगडीपाशी पातेलं ढवळत होता. टेबलाशी त्याचा सासरा व्हॉन बसला होता. उन्हाळ्यात निवृत्त होऊन शहरातून इकडे राहायला आलेला. दिलदार माणूस, अंगाने दोन माणसांएवढा, आणि शर्टावरून पाठीला रुंद पट्टा आवळलेला.

आर्विडने सवयीने फळ्याकडे पाहिलं. मोठ्या ओकाच्या आकड्याला कोरी करकरीत चकती लटकत होती. व्हॉन.

"हे काय रे? माझ्या आकड्यावर?"

ट्रेंट ढवळायचा थांबला. "तुमचा खुबा, बाबा. तुम्हाला नाही जमायची आता शिडी. तुम्ही इथे उबेला बसा, रस्सा बघा. यांचं हे पहिलंच वर्ष आहे."

"मग मला कशाला नेलंस दुकानात?"

"असं काय करता? मचाणातलं तुमच्याइतकं कळतं कुणाला?"

"अगदी खरं!" व्हॉन म्हणाला. "दुपारी तासभर बसून आलो, आर्विड. काय बैठक निवडलीस तू! पाठीने हूं की चूं केलं नाही."

आर्विडचा हात दाराच्या चौकटीवर होता. तो त्याने काढला नाही. फळा त्याने वरून खाली वाचला, मग पुन्हा वरून खाली.

"माझी चकती कुठाय?"

ट्रेंटचा चेहरा एकदम खुलला. एवढी एक गोष्ट तरी बाबांना आवडणार, अशी त्याची खात्री होती. त्याने हातातला डाव उंचावून शेगडीवरच्या तुळईकडे दाखवलं.

"ती काय! आजोबांच्या आणि हॅल्व्होरकाकांच्या मधोमध. मानाची जागा, बाबा. मी स्वतः ठोकली, चांगले दोन खिळे मारून."