चौथ्या मजल्यावरची मतपेटी

घंटा वाजली. ओटिलीबाईंनी केक केव्हाच कापून ठेवला होता.

दारात दोघे उभे होते. पुढे हेडमास्तर फोग्ट, काखेत मतपेटी. मागे खालच्या मजल्यावरचे झाइडेल, हातात मतपत्रिका आणि नजर पायपुसण्यावर.

“क्रानर्टबाई, अख्ख्या गल्लीत तुम्ही तेवढ्या राहिलात,” फोग्ट धापा टाकत म्हणाले. “चार जिने चढून लोकशाही दारात आणलीय तुमच्या. घ्या, दुमडा, टाका. संपलं.”

“आधी बसा तरी. कॉफी केलीय. सरहद्दीपलीकडची आहे, पश्चिमेतली, हानोव्हरच्या बहिणीनं पाठवलेली.”

फोग्ट पक्के पक्षाचे, पण नाक बिचारं कुठल्याच पक्षाचं नसतं. ते बसले. पेटी केकच्या शेजारी ठेवली. झाइडेल झोपायच्या खोलीच्या दाराजवळच्या खुर्चीत अंग चोरून टेकले.

ती त्यांचीच खुर्ची. दर रविवारी ते वर यायचे, ओटिलीबाई आणि त्यांचा मुलगा फोल्कर यांच्याबरोबर पत्ते कुटायचे आणि हरले की भांडायचे. मग फोल्करनं कारखान्याच्या भिंतीवर सरकारविरुद्ध चार शब्द रंगवले आणि त्याला पहाटे उचलून नेलं. त्यानंतर तीन वर्षं या दाराची घंटा कुणी वाजवली नव्हती. जिन्यात बाई दिसल्या की लोकांना घरी काहीतरी विसरल्याचं आठवायचं. झाइडेलांचं कारण तर सगळ्यांना ठाऊक होतं. मुलीला डॉक्टर व्हायचं होतं आणि शिफारस फोग्टांच्या हातात होती.

मागच्या मतदानाला ओटिलीबाई मुकाट खाली गेल्या होत्या. ज्यांनी पोरगा नेला त्यांचीच नावं असलेला, दुसरा पर्यायच नसलेला कागद दुमडून पेटीत टाकून आल्या. पुढे कितीतरी दिवस त्यांना फोल्करच्या फोटोकडे बघवेना. या खेपेला टाकायचा नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. पण तोंडावर नाही म्हणायची सोय नव्हती. नाही म्हणणाऱ्या आईला मुलाची तुरुंगातली भेट कोण देणार? सहाला मतदान संपत होतं. तोवर यांना बोलण्यात गुंतवायचं, एवढंच हातात होतं.

म्हणून त्या बोलत सुटल्या. गुडघ्याचं दुखणं झालं, गळकं छप्पर झालं, परसातल्या रुबार्बच्या झाडांवर पडलेली कीड झाली. गंमत म्हणजे बोलता बोलता त्या खरंच रंगल्या. समोर कपबशा वाजत होत्या, कुणीतरी ‘हो का?’ म्हणत होतं. माणसाचा आवाज इतका गोड लागतो हे त्या विसरूनच गेल्या होत्या.

“वाजले किती?” फोग्टांनी एकदम विचारलं. पक्षानं वाढदिवसाला दिलेलं त्यांचं घड्याळ दुपारीच बंद पडलं होतं. त्यांनी भिंतीकडे पाहिलं. तिथं घड्याळाच्या जागी नुसता गोल, फिकट डाग होता. “आणि हे कुठं गेलं?”

“दुरुस्तीला टाकलंय.”

त्याच क्षणी झाइडेलांनी मान वर केली. त्यांच्या पाठीमागच्या दाराआडून अगदी बारीक टिकटिक येत होती. सकाळी बाईंनी घड्याळ रजईत गुंडाळून ठेवलं होतं, पण जुनं घड्याळ ते, गप्प कसलं बसतंय! झाइडेलांनी दाराकडे पाहिलं. मग बाईंकडे पाहिलं. बाईंना वाटलं, आता हा बोलणार आणि मुलीची शिफारस पक्की करून घेणार.

“झाइडेल, तुमच्यात किती झाले?”

झाइडेलांनी बाही मागे सारली. घड्याळाकडे बराच वेळ बघत राहिले.

“सव्वापाच.”

“मग काय घाई आहे!” फोग्टांनी केकचा आणखी एक तुकडा उचलला.

ओटिलीबाई मनात हिशेब करू लागल्या. टिकटिकीबद्दल झाइडेल बोलले नाहीत, पण सव्वापाचच? अजून एवढा वेळ काढायचा कसा? कॉफी संपली होती. केक संपत आला होता. त्या फोल्करच्या लहानपणावर आल्या आणि तिथंच अडल्या.

फोग्टांनी ओठ पुसले आणि कागद त्यांच्यापुढे सरकवला. “पुढच्या महिन्यात पोराला भेटायला जायचंय ना? मग उगाच कशाला वाकड्यात शिरता?”

हे ते अगदी प्रेमानं म्हणाले. ओटिलीबाईंनी कागद उचलला.

“टाकला की तुम्ही जाल ना?”

“मग काय, मुक्कामाला राहू?” फोग्ट मोठ्यानं हसले.

बाईंनी विनोद केला नव्हता; ते गेले की घर पुन्हा मुकं होणार होतं. त्यांनी कागदाची कड कडेवर आणली. बोटं घडीवर दाबणार, तेवढ्यात चर्चच्या घंटा सुरू झाल्या. संध्याकाळच्या, सहाच्या.

फोग्टांचा केकचा घास हवेतच राहिला. “सहा? झाइडेल, तुम्ही सव्वापाच म्हणालात ना?”

“म्हणालो.”

“घड्याळ बिघडलंय का तुमचं?”

“नाही,” झाइडेल म्हणाले. “बरोबर चालतं.”

घंटा थांबल्या. ओटिलीबाईंनी कागद टेबलावर ठेवला आणि तळहातानं सरळ केला. रात्री रेडिओवर मतांचा आकडा ठरलेलाच सांगणार, हे तिघांनाही माहीत होतं. पण त्या आकड्यात ओटिलीबाईंच्या हातचा कागद नसणार होता.

फोग्टांनी पेटी काखेत मारली. दारातून मागे वळले. “चला झाइडेल. तुमच्या मुलीबद्दल उद्या बोलावं लागेल.”

“बोलू,” झाइडेल म्हणाले. पण उठले नाहीत.

दार आदळलं. पावलं चारही जिने उतरून गेली. ओटिलीबाई उभ्याच होत्या. झाइडेलांनी केकची ताटली बाजूला केली, बाहीनं टेबलावरचा चुरा पुसला आणि खुर्ची पुढे ओढली.

“ओटिलीबाई,” ते म्हणाले, “आज रविवार ना? पत्ते काढा.”