सेकंद सतरावा

सेकंद पहिला. परदेशी टीव्हीच्या जुन्या बातम्यांतलं १९६५ सालचं मिरज स्टेशन. लढाईला निघालेल्या जवानांची गाडी. चित्र आहे, आवाज नाही. अंकिताच्या मोबाइलवर अख्खी गल्ली वाकलेली.

सेकंद सतरावा. खिडकीतला एक जवान शेजारच्याला काहीतरी म्हणतो. टोपीच्या सावलीत अर्धा चेहरा; ओठ तेवढे दिसतात.

"आमचा आजा हाय त्यो!" शेजारचा लालासाहेब ओरडला.

"न्हाई, आमचा!" अंकिताही हटेना. तिचे आजोबा त्याच गाडीनं गेले, ते परत आलेच नाहीत. घरातला त्यांचा एकुलता फोटोही महापुरात गेलेला. आजी, चंद्राबाई, नुसतीच डोळे बारीक करून बघत होती. तिला नीट दिसत नव्हतं.

पुन्हा सेकंद सतरावा. आता अंकिताच्या आजोबांची धाकटी बहीण हरणाबाई पुढं सरकली. लहानपणी कान गेले, तेव्हापासून ती माणसांचे ओठ वाचायची.

पुन्हा. पुन्हा. आणि हरणाबाईनं टाळीच वाजवली.

"तंबाखू मळायला घेतली, पर चुन्याची डबीच घावंना म्हंतोय!"

"घ्या!" लालासाहेब हसला. "तंबाखू तर समदेच खात्यात. त्यावरनं काय कळतंय?"

चंद्राबाई मात्र तरातरा आत गेली. ट्रंकेच्या तळातून एक पितळी डबी काढून आणली आणि मोबाइलसमोर धरली.

"आवं, मीच लपवली हुती. तिच्यापायी तरी माघारी फिराल म्हून."