बैलाचं नाव

"गावाचं नाव काय?" नर्सने विचारलं.

मास्तरांची पेन्सिल नकाशावर थांबली. दुपारपासून सगळं सुरळीत चाललं होतं. पूल कुठे मोडणार, पुलाखाली कोणता राक्षस दबा धरून बसणार, त्याला किती घाव सोसणार, सगळं त्यांनी वहीत लिहून ठेवलं होतं. पुलापलीकडे एक ठिपका काढला होता. त्या ठिपक्याला नाव द्यायचं तेवढं राहिलं होतं.

खेळ तसा साधा. मास्तर गोष्ट सांगायचे आणि टेबलाभोवतीचे तिघे त्या गोष्टीतली माणसं व्हायचे. नर्स म्हातारा जादूगार व्हायची, बेकरीवाला चोर आणि बसचा ड्रायव्हर योद्धा. कुणाचा बेत फळला, कुणाचा फसला, ते वीस बाजूंचा फासा ठरवायचा. अकरा वर्षं दर रविवारी हा उद्योग चालत आला होता. मधे अडीच महिने बंद पडला. मास्तरांची बायको गेली, त्यानंतर आज पहिल्यांदाच टेबल मांडलं होतं.

"जरा पाणी पिऊन येतो," मास्तर म्हणाले आणि उठले.

उठल्यावर त्यांच्या लक्षात आलं, आपण काय बोललो. पण आता परत बसणंही बरं दिसेना. ते स्वयंपाकघरात गेले.

त्यांची अख्खी नोकरी टपाल कचेरीत झाली होती. हजारो गावांची नावं हाताखालून गेली, पण स्वतःच्या डोक्यातून एक निघेल तर शपथ. खेळात नाव लागलं की ते पाण्याचं निमित्त काढून आत यायचे. बायको खिडकीपाशी स्टुलावर बसून काहीतरी निवडत नाहीतर पुसत असायची.

"अगं, एक किल्ला आहे," ते हळूच म्हणायचे.

"लोकांना नावं ठेवायला तुम्ही, आणि किल्ल्याला ठेवायला मी," ती मान वर न करता म्हणायची, आणि हातात जे असेल त्यावरून नाव ठोकून द्यायची. असा चाळणगड झाला. बशीपूर झालं. मास्तर बाहेर येऊन ते नाव अशा थाटात सांगायचे, जणू जुन्या बखरीतून शोधून काढलंय.

आज स्टूल रिकामं होतं. झारा जागेवर होता, चाळणी खिळ्याला होती. मास्तरांनी एकेका वस्तूकडे पाहिलं. नुसत्या वस्तू होत्या. त्यांनी पेला भरला आणि खरंच पाणी प्याले.

बाहेर येऊन ते उभ्याउभ्याच फासे डब्यात भरू लागले.

"आज इथंच थांबू. आणि आज म्हणजे आजच नाही, थांबूच. वह्या तुमच्यापैकी कुणीतरी घेऊन जा. माझ्याच्यानं आता हे होणार नाही."

"माझंच चुकलं, मास्तर," नर्स म्हणाली. "सवयीनं तोंडातून गेलं."

"तुमचं काय चुकलं? गावाला नाव हवंच."

"मास्तर," ड्रायव्हर म्हणाला, "मागे एकदा मी गाडीवानाच्या बैलाचं नाव विचारलं होतं. आठवतं?"

"आठवतं. वैताग आणला होतास."

"मला काय करायचं होतं हो बैलाच्या नावाशी? पाच मिनिटांत तो बैल मेला."

"मग विचारलंस कशाला?" मास्तर म्हणाले.

"भिंत पातळ आहे, मास्तर," बेकरीवाला म्हणाला. "तुमचं पाणी पिणं आम्हाला पहिल्या वर्षापासून ऐकू येतंय."

"म्हणजे तुम्हाला सगळं ठाऊक होतं?"

"ठाऊक कसलं, वाट बघायचो आम्ही. तुम्ही आत गेलात की इथं कुणी खुर्चीसुद्धा वाजवायचं नाही. वहिनी आज काय सुनावतात ते ऐकायला. आणि बराच वेळ तुम्ही उठला नाहीत, की या बाई टेबलाखालून माझ्या पायावर पाय द्यायच्या. काहीतरी नाव विचार म्हणून."

"मी नाही, हाच द्यायचा," नर्स म्हणाली. ती हसत होती आणि रुमाल शोधत होती.

मास्तरांना बसावंसं वाटलं. ते बसले.

"बैलाला काय म्हणाली होती ती?" त्यांनी विचारलं. "मी विसरलो."

"झाकण्या," तिघेही एकदम म्हणाले.

"आणि वर म्हणाल्या होत्या," ड्रायव्हर म्हणाला, "गरिबाला मारलंत तर रात्री जेवायला वाढणार नाही. म्हणून तर तो मेल्याचं तुम्ही आत सांगितलं नाहीत."

मास्तर हसले. मग त्यांनी फासे एकेक करून डब्यातून काढले आणि नकाशा पुढे ओढला.

"नाव मला माहीत नाही," ते म्हणाले. अकरा वर्षांत त्यांनी खेळात असं कधी कबूल केलं नव्हतं. "गावात जाऊनच विचारावं लागेल. पूल ओलांडला की पहिलंच एक बैठं घर लागतं. धुराड्यातून धूर येतोय. दार बंद आहे."

"मी पुढे होतो," ड्रायव्हर म्हणाला.

त्याच्या योद्ध्याने आजवर एकही दार लाथेशिवाय उघडलं नव्हतं. मास्तरांनी फासा त्याच्याकडे सरकवला. ड्रायव्हरने तो उचलला, तळहातावर धरला आणि न टाकताच परत खाली ठेवला.

"कडी वाजवतो," तो म्हणाला. "आणि आतून कुणी येईपर्यंत बाहेरच थांबतो."