पी.पी. नंबर

पीएचडी झालेल्या मालूने पुढच्या संशोधनाच्या जागेसाठी लांबच्या एका विद्यापीठात अर्ज केला. त्यावर पी.पी. म्हणून शेजारच्या हौसामावशींचा नंबर दिला, कारण दिवा स्टेशनजवळच्या त्यांच्या अख्ख्या चाळीत फोन तेवढा एकच. नेमका मालू बाहेर गेलेली असताना प्रोफेसरांचा फोन आला आणि मावशींनी स्थळ आल्यासारखी चौकशी केली, "उधर पानी कितना टाइम आता? इधर तो एक दिन आड आता, हमारी मालू दो हंडे में भागवती!"

हे कळल्यावर मालूने कपाळावर हात मारला. "मावशी, घालवलीत ना माझी नोकरी!"

आठ दिवसांनी नेमणुकीचं पत्र आलं. खाली प्रोफेसरांनी हाताने दोन ओळी लिहिलेल्या.

 

"आमच्याकडे पाणी दर तिसऱ्या दिवशी येतं. आधीचे दोघे संशोधक पळून गेले, तुम्ही टिकाल."