नऊ नंबरचं पाणी

नऊ नंबर आजही जुळला नाही. तिच्या मोजणीत आठ मिलिलिटर पाणी, डॉक्टरांच्या मोजणीत चार. तिने माऊस टेबलावर आपटला. त्या बिचाऱ्याचा काही दोष नव्हता.

प्राण्यांच्या दवाखान्यातलं हे काम वरवर सोपं होतं. काही कुत्र्यांना आईबापांकडूनच एक आजार येतो आणि त्यांच्या मेंदूतल्या पोकळीत पाणी साचत जातं. काही अशी आजारी, काही धडधाकट, अशा बावीस कुत्र्यांचे स्कॅन काढले होते. पडद्यावर पाणी पांढरं दिसतं. त्या पांढऱ्याच्या काठाकाठाने प्रत्येक चित्रावर रेघ ओढायची, की संगणक पाणी मोजून देतो. कुत्र्यांची नावं झाकलेली, फक्त नंबर. एकदा तिने मोजायचं, एकदा डॉक्टरांनी, एकमेकांचं न बघता. मोजणाऱ्याचं मन कुठे झुकू नये म्हणून डॉक्टरांनीच हा नियम केला होता. दोघांचे आकडे जुळले तरच ते कुत्रं अहवालात जायचं.

एकवीस जुळले होते. या एकाने मात्र तिच्या नाकी नऊ आणले. तिने अकरा वेळा मोजलं. चष्म्याचा नंबर तपासून घेतला. नवरा म्हणाला, "त्या कुत्र्यालाच घरी घेऊन ये, म्हणजे निदान तू तरी घरी दिसशील." तिला हसू आलं नाही.

डॉक्टरांचं एकच पालुपद होतं. "तुझी रेघ बाहेर जाते. हात आवर जरा." तीस वर्षांत ज्यांची केसभर चूक कुणी पाहिली नव्हती, त्यांना ती काय उत्तर देणार? शुक्रवारपर्यंत जुळलं नाही, तर तिच्या जागी मोजायला दुसरं माणूस येणार होतं आणि तिच्या दोन वर्षांच्या कामाची रद्दी होणार होती. आज शुक्रवारच होता.

ती उठली आणि तडक त्यांच्या खोलीत शिरली.

"सर, नऊ नंबर माझ्यासमोर मोजून दाखवा."

"ते नियमात बसत नाही."

"नोकरी गेल्यावर नियम घेऊन मी काय करू?"

डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं. मग पडदा तिच्याकडे वळवला. पहिली दोन चित्रं झाली. रेघ अशी की बघत राहावं. तिला स्वतःच्या हाताची लाज वाटू लागली.

तिसऱ्या चित्रात पोकळी फुगलेली होती. डॉक्टरांची रेघ काठाने निघाली आणि मध्येच आत वळली. सरळ पांढऱ्यातून गेली. निम्मं पाणी बाहेर राहिलं. चौथ्या चित्रात तेच. पाचव्यातही तेच.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. या रेघेपायी ती महिनाभर रडकुंडीला आली होती!

"सर, हे पाणी नाही तर काय आहे? आंधळ्यालाही दिसेल!"

डॉक्टरांनी रेघ पुसली. पुन्हा ओढली. ती पुन्हा तिथेच आत वळली. त्यांनी माऊस सोडला आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले.

"धडधाकट कुत्री कमी पडत होती," ते म्हणाले. "एक मी दिलं."

तिला आधी कळलंच नाही. मग त्यांनी पडद्याच्या कडेला बोट टेकवलं. तिथे कानाची पुसटशी आकृती होती आणि तिचं टोक तुटलेलं होतं.

"पिल्लू असताना आमच्या फाटकात कान अडकला होता त्याचा. मी पहिल्याच दिवशी ओळखलं. या पाण्याचं घरी अजून कुणाला बोललो नाही. धाकटी रोज विचारते, बाबा, आपल्या कुत्र्याचा आला का निकाल?"

तिचा राग कुठल्या कुठे गेला. महिनाभर मनात साठवलेली सगळी भांडणं जिभेवर येऊन थांबली.

डॉक्टर उठले आणि त्यांनी आपली खुर्ची तिच्यासाठी मागे ओढली.

"तुझी रेघ बरोबर आहे गं," ते म्हणाले. "माझाच हात काठापर्यंत जात नाही."